एका फळीची दोन पानं

मिरजेहून पहाटेच निघालो. फजरची नमाज झाली, जेवणाचे डबे गाडीत ठेवले आणि मागच्या सीटवर मुलांच्या मध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेल्या दोन सागवानी फळ्या ठेवल्या. जयसिंगपूर, इचलकरंजी करत हुपरीत पोचलो तेव्हा चांदीच्या दुकानांची शटर अजून खालीच होती. हुपरी सुटली की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. मग ऊस मागे सरतो आणि रुंद, सरळ रस्ते सुरू होतात. चौकाचौकात प्लॉट नंबरांचे बाण, कुंपणामागे लांबच लांब पत्र्याच्या शेड. ही कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. इकडचे लोक तिला नुसतं ‘फाइव्ह स्टार’ म्हणतात.

नावावरून आमच्या आठवीतल्या मुलाने रस्ताभर हॉटेलं शोधली. त्याला सांगावं लागलं की एमआयडीसी म्हणजे १९६२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्राचं औद्योगिक महामंडळ. त्याच्या मोठ्या, सर्व सोयींनी आखलेल्या वसाहतींना पंचतारांकित म्हणतात. इथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, रेमंडचं उंची सुती कापड विणलं जातं, आणि मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला लहान फौंड्र्या, मशीन शॉप आणि पॅटर्न शॉप आहेत. अशाच एका पॅटर्न शॉपमध्ये आमचे चाचा एकतीस वर्षं बाकावर उभे होते. त्या महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्यानंतर तो लाकडाचा बाकही तिथून हलणार होता. म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी मालकांची परवानगी काढून आम्ही सगळे तिथे चाललो होतो.

काम एकच होतं. अम्मीसाठी रेहल करायची होती.

जुनी रेहल मरहूम अब्बांनी लग्नाच्या वर्षी स्वतः केलेली. तिच्यावर अम्मीने आयुष्यभर कुरआन वाचलं, आम्ही तिच्यावरच शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात आमच्या जुन्या घरात शिरलं. कुरआन वरच्या फडताळात होतं, ते वाचलं. रेहल खालच्या पेटीत राहिली. पाणी ओसरल्यावर सापडली तेव्हा लाकूड फुगून दोन्ही पानं घट्ट बसली होती. ती सावलीत आठ-पंधरा दिवस वाळू द्यायला हवी होती. आम्ही घाईने ओढून उघडली आणि बिजागरीची दोन बोटं तुटली. ही चूक आमचीच. अम्मी काही बोलली नाही. तेव्हापासून ती तक्क्यावर कुरआन ठेवून वाचते. बाजारातून नवी आणून दिली, तर ती तिने नातीला देऊन टाकली.

चाचांना आम्ही अनेकदा म्हटलं, तुम्ही एक करून द्या. ते टाळत. कारण उशिरा कळलं. गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरतो. मोठं काम ते निभावून नेत, पण रेहलीच्या बिजागरीला जी बारीक पटाशी चालवावी लागते, ती चालेल याची त्यांना खात्री नव्हती. शेवटी फोनवर म्हणाले, “मी सांगतो, तुम्ही करा. भैय्यांच्या रेहलीसारखी होईल की नाही, ते अल्लाह जाणे.”

शॉपमध्ये पाऊल टाकताच सागवानाचा आणि पॉलिशचा वास आला. भिंतीवर लाकडी पंपांचे अर्धे भाग, चाकं, झडपांचे आकार टांगलेले. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हे पुस्तकातून ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. फौंड्रीत बिडाची वस्तू ओतायची तर आधी तिच्या आकाराचा पॅटर्न वाळूत दाबून साचा घेतात. पॅटर्न काढून घेतला की त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. कोल्हापुरात गुळासाठी उसाचे चरक आणि शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं लागत. त्यातूनच उद्यमनगरात फौंड्र्या वाढल्या आणि त्यांच्यासोबत पॅटर्न करणारे मिस्त्री. अब्बा त्यांच्यातलेच एक. शाहू महाराज जन्माने याच कागलच्या घाटगे घराण्यातले. १९०६ साली त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. त्याच बोर्डिंगात राहून अब्बा सातवीपर्यंत शिकले आणि मग हातात रंधा घेतला. चाचांना हा धंदा त्यांनीच शिकवला.

चाचांनी मुलांना एक पट्टी दाखवली. दिसायला साधी फूटपट्टी, पण खऱ्या पट्टीशेजारी ठेवली तर तिचे आकडे थोडे पुढे पडत होते. “बीड थंड होताना आकसतं. मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. ही पट्टी मोठी करूनच मोजते.” मग एका पॅटर्नच्या बाजूवरून त्यांनी मुलाचं बोट फिरवलं. भिंत अगदी उभी नव्हती, जराशी तिरकी होती. तो उतार ठेवला नाही तर पॅटर्न काढताना वाळूचा काठ ढासळतो. “आमचं काम म्हणजे पुढे काय होणार ते आधी लाकडात धरायचं,” चाचा म्हणाले.

मुलाचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्याने कुठेतरी पॅसिफिक बेटांवरच्या ‘टिकी’ कोरतानाचा व्हिडिओ पाहिला होता. मोठे डोळे, रुंद तोंड अशी ती लाकडी मानवाकृती. आधी यंत्राची करवत, मग ग्राइंडर, शेवटी पटाशी. माओरी आणि पॉलिनेशियन लोकांत टिकी ही पूर्वजांची, आदिमानवाची आकृती समजली जाते. त्याला तसलाच चेहरा करायचा होता. अम्मीने घरीच भुवया उंचावल्या होत्या. चाचा रागावले नाहीत. म्हणाले, “त्या लोकांच्या घरात जे होतं ते त्यांनी कोरलं. तू तुझ्या घरातलं कोर. चेहरा कोरणं अवघड असेलच, पण एक फळी न तोडता तिची दोन पानं करून दाखव, मग तुझा हात मानतो.”

खरी रेहल एकाच फळीची असते. खिळा नाही, गोंद नाही, लोखंडी बिजागरी नाही. सहारनपूरच्या कोरीव रेहली आपल्याकडे दुकानात मिळतात, त्याही याच पद्धतीच्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हसन बिन सुलैमान इस्फहानी या कारागिराची एक रेहल आहे. तिच्यावर हिजरी ७६१, म्हणजे इसवी सन १३६० ची तारीख कोरलेली आहे. साडेसहाशे वर्षांत बिजागरीची युक्ती बदललेली नाही.

आमच्या दोन्ही फळ्या सांगलीच्या जुन्या घराच्या दाराच्या. पुरानंतर ते दार उतरवलं होतं. चाचांनी आधी लोहचुंबक फिरवून तीन मोडके खिळे शोधून काढले. खिळा राहिला तर बँडसॉचं पातं तुटतं. मग रंधा मारून फळ्या सरळ केल्या. लांबी वीस इंच, रुंदी साडेसात, जाडी दीड. मुलीची ओढणी खोचून पिनेने बसवली, सगळ्यांना चष्मे दिले, हातमोजे काढायला लावले. फिरत्या पात्याजवळ हातमोजा आणि सैल बाही सगळ्यात धोक्याची, असं चाचांनी दोनदा बजावलं.

आखणी अशी. खालून आठ इंचांवर बिजागरीची मधली रेघ. तिच्या वर आणि खाली पाऊण-पाऊण इंचावर आणखी एकेक. गुण्या लावून या रेघा फळीच्या चारही बाजूंनी फिरवायच्या. मग रुंदीचे पाच सारखे भाग पाडायचे, दीड-दीड इंचाचे. ही पाच बोटं. समोरच्या बाजूने पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाला खालच्या रेघेवर खाच, दुसऱ्या-चौथ्याला वरच्या रेघेवर. खाच फळीच्या निम्म्या जाडीपर्यंत न्यायची आणि बोटाची बाजू गोल ठेवायची. सगळी बोटं अशी कोरली की उलट बाजूने तेच काम करायचं.

इतक्यात चाचांना फोन आला आणि ते बाहेर गेले. समोरची बाजू मुलीने आणि आम्ही आळीपाळीने कोरली. पटाशी रेशांच्या उलट गेली की लाकूड उपटतं, सुलट गेली की पातळ साल निघते, हे अर्ध्या तासात हातांना कळलं. फळी उलटली. समोर जशा खाचा होत्या तशाच मागे आखल्या आणि भराभर कोरून टाकल्या. चाचा परत आले तोवर ड्रिलने बारीक भोकं पाडून, फ्रेटसॉने बोटांच्या मधले काप घेणंही चालू केलं होतं. त्यांनी फळी हातात घेतली, उलटली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाले, “आता पूर्ण करूनच बघा.”

शेवटचा काप गेला आणि फळी आमच्या हातात वरची एक आणि खालची एक अशी सुटी झाली. मुलाला हसू आलं. आम्हाला मात्र त्या दाराचा उंबरा आठवला आणि गलबलून आलं. दोनच फळ्या होत्या, त्यातली एक गेली.

चाचांनी दोन्ही तुकडे बाकावर ठेवले. “मागची बाजू समोरच्या उलट हवी. समोर ज्या बोटाला खाली कापलं, त्याला मागे वर कापायचं. मग ते बोट समोरच्या वरच्या अर्ध्याला मागच्या खालच्या अर्ध्याशी जोडतं. शेजारचं बोट दुसरी जोडी धरतं. दोन्ही पानं एकमेकांतून आरपार जातात, म्हणून सुटत नाहीत. तुम्ही दोन्हीकडे सारखं कापलंत, म्हणून कोणी कोणाला धरलं नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “मी पण पहिली अशीच फोडली होती. भैय्यांनी तिचे तुकडे वर्षभर माझ्या बाकावर ठेवले.”

जुहरची वेळ झाली होती. शेडच्या कोपऱ्यात स्वच्छ पुठ्ठे अंथरून नमाज पढली. डबे उघडले तेव्हा सुट्टी असूनही आलेला व्हीएमसी मशिनवरचा पोरगा खर्डा-भाकरी घेऊन आमच्यात बसला. कोल्हापूरचाच. शॉपमध्ये नवं आलेलं ते यंत्र तोच चालवतो. संगणकावर चित्र भरलं की ते पॅटर्न आपोआप कोरतं. चाचांचा बाक त्या यंत्रासाठीच हलणार होता. आम्हाला वाटलं होतं दोघांत अढी असेल. पण त्याने चाचांसाठी खर्डा कमी तिखट करून आणला होता. ‘मिस्त्री’ म्हणूनच तो त्यांना हाक मारत होता. उतार किती ठेवायचा, कोपरा कुठे गोल घ्यायचा, हे आजही तो त्यांनाच विचारतो.

मुलाने त्याला सरळच विचारलं, रेहल यंत्रावर होईल का?

“हुईल की,” तो म्हणाला. “पन एका रेहलीसाठी प्रोग्राम कोन करत बसनार? आनि दोन्ही बाजूनं धरायचं म्हंजे जिग पायजे. त्यापेक्षा मिस्त्रीची पटाशी स्वस्त पडती.”

चाचा हसले. “यंत्राचा राग कशाला धरायचा? भैय्या असते तर पहिलं त्यालाच हात लावून बघितलं असतं.” मग सहज म्हणाले, की हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करत, असं सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये आलं आहे. एका पैगंबराने केलेलं काम आपल्याला कमी वाटायचं कारण नाही, मग ते हाताने करा की यंत्राने.

दुसऱ्या फळीला हात लावण्याआधी चाचांनी पॅकिंगच्या पेटीचा पाइनचा तुकडा दिला. मुलीने त्यावर पूर्ण बिजागरी केली, ओबडधोबड, पण उघडणारी. मग सागवानी फळीवर आखणी झाली. या वेळी चाचांनी नवा नियम घातला. जे लाकूड जायचं आहे त्यावर, दोन्ही बाजूंनी, आधी खडूने फुली. फुली नाही तर पटाशी नाही. पाच बोटं समोर, पाच मागे, दहा फुल्या. सगळ्यांनी तपासल्या. मुलाने दोनदा तपासल्या.

पटाशीला धार लावायचं काम आमच्याकडे आलं. निसण्यावर पाणी टाकून, कोन न हलवता, मागेपुढे. धार आली की नाही ते लाकडाच्या उभ्या कापावर बघायचं, बोटावर नाही. खाचा मुलीने खणल्या. तिच्या मागे उभे राहून चाचा फक्त “हळू,” “आता उलट बाजूने,” “थांब” एवढंच म्हणत. एकदा त्यांनी सवयीने पटाशी तिच्या हातातून घेतली. टोक रेघेवर टेकवलं. ते थरथरलं. त्यांनी ती परत तिच्या हातात दिली आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले. मुलीने काही पाहिलं नाही असं दाखवलं आणि विचारलं, “छोटे दादा, इथं गोलाई एवढी बास का?” ते परत आले.

अस्रपर्यंत बोटं झाली. बोटांच्या मधले काप फ्रेटसॉने घेतले. मग फळी बँडसॉवर कडेवर उभी धरून जाडीतून मधोमध चिरायची होती. एकदा वरून बिजागरीपर्यंत, एकदा खालून बिजागरीपर्यंत. हे काम व्हीएमसीवाल्या पोराने केलं, कारण बँडसॉवर नवखा हात चालत नाही. दोन्ही काप मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. अब्बांनी हे काम हातकरवतीने केलं होतं, त्यांना अर्धा दिवस लागला असेल. मुलाने ही गोष्ट बोलून दाखवली तेव्हा चाचा म्हणाले, “त्या अर्ध्या दिवसात भैय्या मला शिव्या देत होते. तेवढा वेळ वाचला तर वाईट काय?”

यंत्र बंद झालं. फळी बाकावर ठेवली. आम्ही कोणीच ती उचलेना. शेवटी मुलीने दोन्ही हातांनी वरची पानं धरून अगदी हलकेच ओढली. काही झालं नाही. चाचांनी एका बोटाच्या कडेकडे खूण केली, तिथे काप केसभर अपुरा होता. फ्रेटसॉ पुन्हा घातली. मग एक कुरकुर झाली आणि पानं उघडली. खालचे पाय फाकले. एक फळी बाकावर चौफुलीसारखी उभी राहिली. अल्हम्दुलिल्लाह कोणी आधी म्हटलं ते आठवत नाही.

पुढचं काम सोपं. पायांना कमान जिगसॉने कापली. वरच्या पानांवर नक्षी करायचा मुलाचा आग्रह होता, म्हणून छोट्या ग्राइंडरने त्याने एक वेल काढली. टिकीचा चेहरा राहिला, पण वेलीचं एक पान त्याने इतकं खोल खोदलं की ते तोंड वासल्यासारखं दिसतं. चाचांनी ते तसंच राहू दिलं. पॉलिश पेपर आधी जाड, मग बारीक. शेवटी जवसाचं तेल फडक्याने.

निघताना चाचांनी त्यांची पेटी उघडली. पटाश्या अब्बांच्या काळच्या, मुठी हाताने झिजून काळ्या झालेल्या. सहा पटाश्या त्यांनी मुलीच्या हातात दिल्या. आकसणारी पट्टी त्या मशिनवाल्या पोराला दिली. “तुझ्या संगणकात हिशेब होतो, ठाऊक आहे. तरी भिंतीला लाव.” त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. रंधे आणि करवत चाचांनी स्वतःकडे ठेवले. निवृत्तीनंतर घरी बाक घालायचा आहे, म्हणाले. हात थरथरतो तर थरथरू दे, शिकवायला तोंड शाबूत आहे.

परत येताना लक्ष्मी टेकडीवरून कागलात उतरलो, गैबी चौकात चहा घेतला आणि अंधार पडल्यावर मिरजेला पोचलो. आमच्या मिरजेत सतारमेकरांची आख्खी गल्ली आहे. शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केलेल्या या कामाला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीतून आम्ही आयुष्यभर ये-जा केली. लाकडाला पटाशी लावताना कारागीर एवढे गप्प का असतात, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

अम्मी जागीच होती. तिने रेहल हातात घेतली, डोळ्यांपेक्षा बोटांनीच पाहिली. पाच बोटं मोजली. “त्यांच्या रेहलीला सात होती,” ती म्हणाली. मग उघडली. ती कुरकुरली. आम्ही घाईने सांगू लागलो की तेल मुरलं की आवाज जाईल.

“नको जाऊ दे,” अम्मी म्हणाली. “त्यांचीही कुरकुरायची. सकाळी तुम्हाला जाग त्यानेच यायची.”

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्हाला त्याच आवाजाने जाग आली. पहिल्या फळीचे दोन सुटे तुकडे मुलीने तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवले आहेत. दर रविवारी ती आणि तिचा भाऊ चाचांकडे कोल्हापूरला जातात. यंदाच्या रमजानपर्यंत आणखी एक रेहल होईल, इन्शाअल्लाह. ती सात बोटांची करायची आहे.